बोटीवर लपून आलेला माणूस: शोध, सांभाळ आणि परत पाठवणी

प्रश्न: माझा मुलगा पुढील महिन्यात डेक कॅडेट म्हणून बोटीवर जात असून त्याची पहिलीच सफर पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये काबूलहून दिल्लीला आलेल्या विमानाच्या चाकांच्या खणात १३ वर्षांचा मुलगा जिवंत सापडल्याची बातमी वाचल्यापासून मनात शंका आहे. जहाजांवरही असे लोक लपून येतात का? सापडल्यावर त्यांचे काय करतात? त्यांना समुद्रात ढकलून देतात असे ऐकले, ते खरे का? माझ्या मुलाने काय काळजी घ्यावी?

उत्तर:

मी ३१ वर्षे बोटीवर काढली, त्यांपैकी शेवटची ११ कप्तान म्हणून. त्या काळात माझ्या जहाजांवर लपून आलेली माणसे तीन वेळा सापडली आणि बंदर सोडण्यापूर्वीच शोधून उतरवलेली कितीतरी. त्या अनुभवावर आणि या विषयाच्या नियमांवर हे उत्तर आधारलेले आहे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. अशा माणसाला बोटीवरचे लोक 'स्टोअवे' म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरतो. 'फुकटा प्रवासी' हा आपल्याकडचा शब्द येथे लागू पडत नाही. लोकलमधल्या फुकट्याला तिकीट मिळत असते, तो ते काढत नाही एवढेच. स्टोअवेला तिकीट विकायला कोणी बसलेलेच नसते, कारण मालवाहू जहाज प्रवासी घेत नाही आणि घेतले तरी त्याच्यापाशी पासपोर्ट नसतो, व्हिसा नसतो. त्यामुळे त्याच्याकडून भाडे वसूल करण्याचा विषय कधी निघत नाही. खर्च होतो तो जहाजाच्या मालकाचा, आणि तो भाड्याच्या कित्येक पट असतो.

विमानाच्या चाकांच्या खणाविषयी थोडक्यात सांगतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर त्या खणात तापमान उणे ५० अंशांच्या आसपास जाते आणि प्राणवायू शुद्ध हरपण्याइतका विरळ होतो. तेथे लपलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे मरण पावल्याचे अमेरिकी विमान प्रशासनाच्या नोंदी सांगतात. काबूल-दिल्ली अंतर दीड-दोन तासांचेच होते, म्हणून तो मुलगा वाचला असावा. जहाजावरचा मृत्यू इतका झटपट नसतो आणि तेथे वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणूनच जहाजाकडे वळणारे अधिक.

स्टोअवे कोणाला म्हणायचे याची व्याख्या सागरी वाहतूक सुलभ करण्यासाठी १९६५ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात दिलेली आहे. आमच्या धंद्यात त्याला 'फाल' करार म्हणतात. मालकाच्या, कप्तानाच्या किंवा अन्य जबाबदार व्यक्तीच्या संमतीवाचून जो जहाजात किंवा नंतर जहाजात चढवल्या जाणाऱ्या मालात लपतो, आणि जहाजाने बंदर सोडल्यानंतर किंवा पोहोचण्याच्या बंदरात माल उतरवताना जो सापडतो, तो स्टोअवे. तोच माणूस बंदर सोडण्यापूर्वी सापडला तर तो केवळ 'प्रयत्न करणारा' ठरतो, स्थानिक पोलिसांच्या हवाली होतो आणि जहाज आपल्या वाटेने जाते. वाचताना हा शब्दांचा कीस वाटेल, पण आमच्या कामाचा सगळा भार याच फरकावर आहे. दोर सोडण्यापूर्वीचे दोन तास आणि नंतरचे दोन महिने यांच्यामध्ये एक शोधमोहीम असते, आणि ती नीट झाली की नाही यावर पुढचे सगळे ठरते.

हे लोक येतात कोठून? माझ्या काळात लागोस, आबिजान, टेमा, ताकोराडी, कोनाक्री, डकार ही पश्चिम आफ्रिकेची बंदरे आणि दक्षिणेकडे डर्बन ही नावे घेतली की चीफ ऑफिसरच्या, म्हणजे कप्तानाखालच्या पहिल्या अधिकाऱ्याच्या, कपाळावर आठी येत असे. डर्बनला चढणाऱ्यांत टांझानियाचे तरुण बरेच असत. ते बंदराच्या आसपास महिनोन्‌महिने राहून एकामागून एका जहाजावर प्रयत्न करत. ज्या बंदरात माल सावकाश भरला जातो, जहाज आठवडाभर धक्क्याला बांधलेले असते आणि रोज शंभरेक गोदी कामगार चढउतार करतात, तेथे एखाद्याने हेल्मेट आणि नारिंगी जाकीट घालून वर येणे अवघड नसते. सकाळी वर गेलेले ९८ आणि संध्याकाळी खाली उतरलेले ९६, एवढाच काय तो हिशेब चुकलेला असतो. पुष्कळदा वर आलेल्या माणसाला जहाज कोठे जाणार हेही ठाऊक नसते. धुराड्याचा रंग आणि झेंडा पाहून ते युरोपला जात असावे असा त्याचा अंदाज असतो.

तो अंदाज किती चुकू शकतो याचे २०२३ सालचे उदाहरण सांगतो. जूनच्या अखेरीस चार नायजेरियन माणसे लागोसमध्ये 'केन वेव्ह' नावाच्या जहाजाच्या सुकाणूवर चढून बसली. सुकाणूचा दांडा जहाजाच्या पोटात शिरतो तेथे वर एक पोकळी असते. जहाज रिकामे असले, म्हणजे पाण्यावर उंच तरंगत असले, की ती पोकळी पाण्याबाहेर येते आणि लहान होडीतून तिथवर पोहोचता येते. ते चौघे १४ दिवस त्या जागेत होते. खाली जहाजाला ढकलणारा पंखा फिरत होता आणि फेसाळ पाणी होते, दहाव्या दिवशी त्यांचे अन्नपाणी संपले, आणि अखेर पोलिसांनी त्यांना बाहेर काढले तेव्हा युरोप समजून ते ब्राझीलच्या व्हितोरिया बंदरात पोहोचले होते. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये 'अलिथिनी २' या टँकरच्या सुकाणूवर बसून तिघे जण लागोसहून ११ दिवसांनी कॅनरी बेटांवरील लास पाल्मासला पोहोचले होते. स्पेनच्या तटरक्षकांनी काढलेले त्यांचे छायाचित्र जगभर छापले गेले. मी ते पाहिले तेव्हा त्या तिघांच्या पायांपेक्षा माझे लक्ष पाण्याच्या रेषेकडे गेले, कारण जहाज वाटेत थोडे जरी जड झाले असते किंवा समुद्र खवळला असता, तर त्या फोटोत कोणीच नसते. आता अनेक मालक त्या पोकळीच्या तोंडाशी लोखंडी गज लावून घेतात.

सगळेच ठरवून चढतात असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये बांगलादेशातील चट्टग्राम बंदरात एक किशोरवयीन मुलगा रिकाम्या कंटेनरमध्ये शिरला. लपंडाव खेळताना तो आत अडकला असे तेव्हाच्या बातम्यांत होते. कंटेनर जहाजावर चढला आणि सहा दिवसांनी मलेशियाच्या पोर्ट क्लांगमध्ये आतून आवाज आल्यावर उघडला गेला. मुलगा वाचला. रिकाम्या कंटेनरची दारे बंद करण्यापूर्वी आत नजर टाकणे हे किती क्षुल्लक काम आहे आणि ते कितीदा राहून जाते, हे गोदीत काम केलेल्या कोणालाही विचारावे.

लपण्याच्या जागांपैकी सर्वांत घातक जागा म्हणजे माल भरलेले होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातली मालाची कोठी. कोको, धान्य किंवा पेंड भरल्यानंतर किडीसाठी त्यावर ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून झाकणे बंद करतात. आपल्याकडे धान्याच्या कोठारात ठेवतात त्याच या गोळ्या. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू आत असलेल्या माणसाला किडीइतकाच निर्दयपणे मारतो. लाकडाचे ओंडके, कोळसा आणि लोखंडाचा भंगार माल यांना तर विषाचीही गरज लागत नाही. ते आपोआप हवेतला प्राणवायू शोषून घेतात आणि शिडीने खाली उतरलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कोसळतो. नांगराच्या साखळीची कोठी वर वर निरुपद्रवी दिसते, पण गंजणारी साखळी तेच करते. शिवाय नांगर टाकण्याची वेळ आली तर आतल्या माणसाचे काय होईल हे लिहिण्याची गरज नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण नियम सांगून जे समजत नाही ते यातून समजेल. तेव्हा मी चीफ ऑफिसर होतो. ताकोराडीला मँगनीजचे खनिज भरून आम्ही युरोपकडे निघणार होतो. जहाजावर चार क्रेन होत्या, आणि अशा जहाजांवर प्रत्येक क्रेनचा खांब आतून पोकळ असतो. डेकवर एक पोलादी दार, आत उभी शिडी आणि वर क्रेनची केबिन. माल भरणे संपताच आमच्या एका कामसू खलाशाने कोणी न सांगता चारही खांबांच्या दारांना कुलपे घातली. त्यानंतर तासाभराने शोध सुरू झाला. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, तिसऱ्या क्रेनपाशी आला, कुलूप ओढून पाहिले, ते पक्के होते. त्याने मला रेडिओवर 'तीन नंबर, ओके' असे कळवले आणि मी यादीत त्या रकान्यासमोर खूण करून खाली सही केली. ती यादी पुढे कित्येक वर्षे माझ्या कागदांत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिपिंग करणाऱ्या, म्हणजे हातोडीने गंज झाडणाऱ्या, एका खलाशाने हातोडी थांबवली, पण ठोकण्याचा आवाज थांबला नाही. त्याला आधी वाटले की पलीकडच्या बाजूला कोणी काम करत आहे. पलीकडे कोणी नव्हते. कुलूप काढले तेव्हा आतून भट्टीसारखी हवा बाहेर आली आणि त्यामागोमाग दोन मुले, मँगनीजच्या काळ्या भुकटीने माखलेली, एकमेकांना धरून. एकाचे ओठ इतके फुटले होते की त्याला पाणी चमच्याने द्यावे लागले. आत एक पिशवी होती. तिच्यात गारी, म्हणजे भिजवून खाण्याचे कसाव्याचे रवाळ पीठ, अर्धे उरले होते. पाण्याच्या चार बाटल्या होत्या, त्यांतल्या दोन लघवीने भरलेल्या. आणि प्लॅस्टिकच्या तीन आवरणांत नीट गुंडाळलेले एका शाळेचे प्रमाणपत्र होते. दारावर आतून पट्टीसारख्या वस्तूने घासल्याच्या खुणा होत्या. त्यांना कोंडणारे आम्हीच होतो. आणखी एखादा दिवस गेला असता तर आम्ही दोन प्रेते घेऊन युरोपात पोहोचलो असतो आणि त्या यादीवरची माझी सही न्यायालयात गेली असती.

म्हणून शोधाचा पहिला नियम मी कॅडेटांना असा शिकवत असे: कुलूप ही तपासाची खूण नव्हे. आधी दार उघडायचे, आत जायचे, वर आणि मागे पाहायचे, बाहेर यायचे, मग कुलूप घालायचे आणि त्यावर क्रमांक असलेले सील लावून तो क्रमांक लिहायचा. शोध दोन तुकड्यांनी, जहाजाचे भाग आधी वाटून घेऊन करायचा, नाहीतर लपलेला माणूस शोधून झालेल्या भागात सरकतो. धुराड्याचे आवरण, लाइफबोटी, दोरखंडांची खोली, रंगाची कोठी, होल्डच्या शिड्यांची तोंडे, वायुवीजनाच्या नळ्या, क्रेनच्या केबिन, कंटेनरांमधल्या फटी, सगळे यादीत असते. पण यादी डोळ्यांचे काम करत नाही. काही बंदरांत कुत्री मिळतात, काही ठिकाणी बंद कंटेनरमधला उच्छ्वास मोजणारे कार्बन डाय-ऑक्साइडचे यंत्र मिळते. दोन्ही उपयोगी आहेत. मात्र हातात टॉर्च घेतलेला आणि घाई न करणारा माणूस या दोन्हींपेक्षा उपयोगी, असे माझे मत आहे.

याहूनही चांगले म्हणजे कोणी वर येऊच न देणे. १ जुलै २००४ पासून जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली, आणि तेव्हापासून गँगवेवर, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर चढण्याच्या शिडीवर, चोवीस तास पहारा, येणाऱ्याची ओळख आणि नोंद हे सर्व सक्तीचे आहे. आम्ही वर येणाऱ्या प्रत्येक कामगाराचे ओळखपत्र ठेवून घेत असू आणि त्याला क्रमांकाचा बिल्ला देत असू. संध्याकाळी फळीवर एखादे ओळखपत्र उरले की समजावे, कोणीतरी अजून वर आहे. समुद्राच्या बाजूला दोर लोंबकळत ठेवायचे नाहीत, रात्री त्या बाजूलाही दिवे लावायचे आणि नांगराच्या साखळीच्या नळीवर झाकण घालायचे. पुढच्या बंदराचे नाव गँगवेजवळच्या फळ्यावर लिहू नये, ही सूचना लहान आहे, पण मोलाची आहे.

जहाज धक्क्यावरून सुटल्यानंतर बंदराच्या हद्दीतच थोडे थांबून दुसऱ्यांदा शोध घेण्याची पद्धत काही कंपन्यांत आहे. तीन-चार तास जातात, जहाज भाड्याने घेतलेला भाडेकरू कुरकुर करतो, इंधन जळते. तरीही मी ती सोडली नाही, कारण त्या पाण्यात सापडलेला माणूस परत उतरवता येतो आणि पाणी ओलांडले की त्याला कोणी वाली राहत नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. सापडल्यानंतर काय करतात? प्रथम पाणी, अन्न आणि वैद्यकीय तपासणी. मग झडती, कारण काहींजवळ चाकू असतो आणि अनेकांची खरी कागदपत्रे कपड्यांच्या शिवणीत असतात. जेथे ते सापडले ती जागा पुन्हा तपासायची, कारण एक सापडला म्हणजे एकच आहे असे नसते, आणि कागदपत्रे बहुतेकदा तेथेच दडवलेली असतात. त्यानंतर त्यांना वेगवेगळ्या केबिनमध्ये ठेवतात. आतून फोडता येतील किंवा शस्त्र होईल अशा वस्तू काढून घेतात, शौचालय आणि अंथरूण देतात, लाइफजॅकेट देतात आणि आग लागली तर त्यांना कोण बाहेर काढणार हे ठरवतात. शेवटची गोष्ट पुष्कळ जण विसरतात. बंद दारामागच्या माणसाचा जीव किल्लीवाल्याच्या हातात असतो.

त्यांच्याकडून काम करून घ्यायचे नाही. फाल करारातच तसे म्हटले आहे. अपवाद फक्त आपत्तीचा आणि त्यांच्या स्वतःच्या राहण्याच्या जागेच्या स्वच्छतेचा. जुन्या कप्तानांना हे पटत नसे. 'खातो आहे तर डेक घासू दे' असे म्हणणारे मी पाहिले आहेत. पण काम दिले की मजुरीचा दावा येतो, अपघात झाला तर भरपाईचा दावा येतो, आणि हातोडी हातात दिलेला माणूस बंदी राहत नाही. दुसऱ्या टोकाचे चुकणेही घातक. फार लाड केले, मुक्तपणे फिरू दिले, मेसमध्ये सगळ्यांबरोबर बसवले, तर पुढच्या बंदरात तो रात्री पाण्यात उडी मारतो आणि पळालेल्या माणसाचा दंड जहाजाला भरावा लागतो.

यानंतर कागदांचा काळ सुरू होतो. कप्तान मालकाला, पुढच्या बंदरातल्या एजंटला, जहाजाचा झेंडा ज्या देशाचा त्याला आणि विमा संघाच्या प्रतिनिधीला कळवतो. या संघाला आम्ही 'पी अँड आय क्लब' म्हणतो. जहाजमालकांनी एकमेकांच्या जबाबदाऱ्या वाटून घेण्यासाठी चालवलेली ही परस्पर विम्याची जुनी व्यवस्था असून स्टोअवेची बहुतेक प्रकरणे तिचेच लोक मिटवतात. छायाचित्रे, बोटांचे ठसे आणि प्रश्नावली पाठवली जाते. नाव, गाव, आईचे नाव, कोणती भाषा बोलतो, कोठे आणि कसा चढला, असे ते प्रश्न असतात. नावे पुष्कळदा खोटी असतात आणि देश तर हमखास बदललेला, कारण ज्या देशात परत पाठवता येत नाही त्या देशाचे नागरिक असल्याचे सांगणे हाच त्यांचा शेवटचा हुकमी पत्ता असतो. त्यांच्यापैकी कोणी आश्रय मागितला तर ती गोष्ट गुप्त ठेवावी लागते. त्याच्या मूळ देशाच्या वकिलातीला ती कळू देणे म्हणजे कदाचित त्याला मरणाच्या दारात ढकलणे.

कोणत्या देशाने त्याला उतरवून घ्यायचे हे बांधील स्वरूपात ठरवणारा स्वतंत्र करार ब्रुसेल्समध्ये १९५७ साली तयार झाला, पण तो कधी अमलातच आला नाही. पुढे १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जबाबदाऱ्यांची वाटणी सांगणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २००२ मध्ये फाल करारात स्टोअवेसंबंधी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. पण सापडल्यानंतरचे पहिले नियोजित बंदर आपल्या देशाच्या कायद्यानुसार निर्णय घेते, आणि तो निर्णय बहुधा नकाराचा असतो. आमच्या त्या दोन मुलांना पहिल्या बंदराने उतरू दिले नाही. धक्क्यावर दोन पहारेकरी बसवले आणि त्यांचे बिल आमच्या नावे केले. दुसऱ्या बंदरात त्यांच्या देशाच्या वकिलातीचा अधिकारी जहाजावर आला, शाळेचे ते प्रमाणपत्र पाहिले आणि एकाशी त्याच्या मातृभाषेत पाच मिनिटे बोलला. प्रवासाची कागदपत्रे तयार झाली. प्रत्येकाबरोबर दोन सोबती देऊन त्यांना विमानाने परत पाठवण्यात आले. म्हणजे सहा तिकिटे, तीही ज्या देशांत विमान बदलायचे त्यांच्या परवानगीसह. सापडल्यापासून २९ दिवस लागले, आणि विमा संघाचा प्रतिनिधी मला म्हणाला की तुमचे लवकर झाले. तो बरोबर होता. ज्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही, जो आपला देश सांगत नाही, असा माणूस महिनोन्‌महिने जहाजावर राहिल्याची प्रकरणे आहेत.

भाड्याने दिलेल्या जहाजावर हा खर्च कोणी उचलायचा यावरूनही वाद होतात. साधारण रीत अशी की माणूस मालात किंवा कंटेनरमध्ये लपून आला असेल तर भाडेकरूने, आणि गँगवेवरून किंवा दोर चढून आला असेल तर जहाजमालकाने भरायचा. म्हणजे तो कोठून आत आला हे नीट लिहून ठेवणे हेही चीफ ऑफिसरचे काम.

आपला तिसरा प्रश्न सगळ्यांत कठीण आहे. असे घडलेले आहे. १९९२ मध्ये 'एमसी रूबी' नावाच्या जहाजावर ताकोराडीहून लपून आलेल्या आफ्रिकी तरुणांपैकी आठ जणांना जहाजावरच्या लोकांनी मारून समुद्रात टाकले. एक जण निसटून जहाजातच लपून राहिला, फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरून पोलिसांपर्यंत पोहोचला आणि त्याच्या साक्षीवर १९९५ मध्ये रूआँच्या न्यायालयाने कप्तानासह जबाबदार लोकांना शिक्षा दिली. १९९६ मध्ये 'मर्स्क दुबई' या जहाजावर रोमानियाच्या तीन जणांना समुद्रात सोडून दिल्याचा आरोप झाला. तेथे चौथ्याला जहाजावरच्या फिलिपिनो खलाशांनी आपल्या अधिकाऱ्यांपासून लपवून ठेवले आणि कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरात पोहोचताच तक्रार केली. घटना खुल्या समुद्रात घडल्यामुळे त्या अधिकाऱ्यांना रोमानियाच्या ताब्यात देण्याचा आपल्याला अधिकार नाही असे कॅनडाच्या न्यायालयाने ठरवले. पण त्या खलाशांनी काय पणाला लावले होते हे समजण्यासाठी बोटीवर राहिलेले असावे लागते. ज्या कप्तानाच्या सहीवाचून पुढची नोकरी मिळत नाही, त्याच्याविरुद्ध घरापासून हजारो मैलांवर त्यांनी तोंड उघडले होते.

अशी प्रकरणे का घडतात याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दंडाचा, बिलांचा आणि नोकरीचा धाक कप्तानाच्या डोक्यावर इतका ठेवला जातो की काही दुबळी माणसे त्याखाली मोडतात. त्यांचा गुन्हा त्यामुळे लहान होत नाही. पण स्टोअवे सापडला म्हणून कप्तानाचा पगार कापणारी कंपनी आपल्या जहाजावर काय पेरते आहे याचा तिने विचार केलेला नसतो. आपला मुलगा ज्या कंपनीत जात आहे तेथे अशी कपात आहे का हे विचारायला हरकत नाही.

उलट बाजूची भीतीही खोटी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेव्ह अँड्रोमेडा' या टँकरवर लागोसहून आलेले सात जण सापडले, जहाजावरचे लोक घाबरून सुरक्षित खोलीत शिरले आणि ब्रिटनच्या नौदलाचे विशेष सैनिक हेलिकॉप्टरने आइल ऑफ वाइटजवळ जहाजावर उतरले. त्या सातांपैकी दोघांवर आरोप ठेवले गेले, पण पुढे जानेवारी २०२१ मध्ये ते मागे घेण्यात आले. एका बाजूला २२ घाबरलेले खलाशी आणि दुसऱ्या बाजूला ७ घाबरलेले स्टोअवे, असे ते चित्र होते. संख्या अधिक असेल तर मारामारी होऊ शकते. अशा वेळी जहाजावरच्या लोकांनी एकट्याने जवळ जायचे नसते आणि हात उगारायचा नसतो.

आपल्या मुलापुरते सांगायचे तर, कॅडेटला शोधाच्या तुकडीत घेतात, कारण तो सडपातळ असतो आणि अरुंद जागेत शिरू शकतो. येथेच त्याला धोका आहे, आणि तो लपलेल्या माणसापासून नाही. बंद जागेत प्राणवायू मोजल्याशिवाय आत डोकेही घालू नये, मग हुकूम कोणाचाही असो. 'सर, ऑक्सिजन मोजला का?' एवढे इंग्रजीत विचारायला त्याने शिकावे. बरोबर दुसरा माणूस आणि रेडिओ असल्याशिवाय जाऊ नये. कोणी दिसले तर मोठ्याने बोलावे, मागे सरकावे, वाट मोकळी ठेवावी आणि कळवावे. गँगवेवर पाळी असेल तेव्हा ओळखपत्रांची फळी त्याने स्वतः मोजावी, आधीच्या माणसाने सांगितलेला आकडा लिहू नये. आणि न उघडलेल्या दारासमोर खूण करायला सांगितले, तर दार उघडून मागावे.

सामानात एक चांगली टॉर्च आणि जादा सेल द्यावेत. जहाजावर टॉर्च मिळते, पण शोधाच्या रात्री ती नेमकी कोणाच्या तरी खिशात असते.